अध्यक्षस्थानी आरोपी

महाराष्ट्रातून नव्याने बदलून आलेल्या स्नेह्यास कोलकाता दाखवावयाचे झाले म्हणजे आम्ही त्यास दोन ठिकाणी हटकून नेतो. पहिले ठिकाण म्हणजे बागबाजारातील मराठा डिच लेन. १७४२ साली बर्गी येणार या धास्तीने येथील रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो पुरता खणूनही झाला नाही, आणि मराठेही आले नाहीत. दुसरे ठिकाण म्हणजे राजभवनाच्या पश्चिमेस असलेले सेंट जॉन्स चर्च. तेथील एका खोलीत वॉरन हेस्टिंग्जची म्हणून एक खुर्ची दाखवितात. खंदक पाहताना आमच्या स्नेह्यांची मान ताठ होते. खुर्चीपुढे मात्र ते घड्याळाकडे पाहू लागतात. वास्तविक आम्हां मराठी माणसांचा खरा संबंध खंदकापेक्षा त्या खुर्चीशी अधिक आहे. पुण्याच्या गादीचे भवितव्य काही काळ या शहरातील एका मेजाभोवती, पाच माणसांच्या मतांनी ठरत होते. आणि त्या मेजाच्या अग्रस्थानी बसलेला माणूस स्वतःच आरोपी होता.

अधिकारावर असलेल्या राज्यप्रमुखाची चौकशी करावी काय, ती कोणी करावी, आणि ती चालू असता त्याने खुर्चीवर बसावे काय, हा वाद आपण अलीकडे अमेरिकेच्या वार्तांमधून वारंवार वाचला. परंतु हिंदुस्थानात त्याची रीतसर सुरुवात झाली ती कलकत्त्यास, १७७५ च्या मार्च महिन्यात. त्याची कथा सांगण्यापूर्वी पुण्यास क्षणभर जाणे भाग आहे, कारण तोच प्रश्न तेथे दीड वर्ष आधी उभा राहिला होता.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर आले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी आरंभिली आणि तिचा माग खुद्द नव्या पेशव्यापर्यंत पोहोचला. रामशास्त्र्यांनी दादासाहेबांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले व पुणे सोडून वाईजवळच्या एका खेड्यात ते जाऊन राहिले, ही हकीकत प्रत्येक मराठी मुलाने शाळेत ऐकलेली असते. आम्ही ती शिकलो तेव्हा शास्त्र्यांच्या निर्भयतेने दिपून गेलो होतो. पुढे सरकारी नोकरीत केस पिकल्यावर तिच्यातील दुसरी बाजू आमच्या ध्यानात आली. निकाल झाला, पण तो बजावणार कोण? न्यायाधीश ज्याच्या नेमणुकीवर बसलेला, त्याच्याचविरुद्ध तो निकाल होता. शास्त्र्यांपाशी निकाल उच्चारणे आणि निघून जाणे यापलीकडे साधन नव्हते. बजावणी केली ती बारभाईंनी, आणि तीही न्यायालयीन मार्गाने नव्हे. रघुनाथराव मोहिमेवर असता त्यांनी गंगाबाईंस पुरंदरावर नेले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. गादी गेलेले दादासाहेब इंग्रजांच्या दारी गेले, आणि १७७५ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला. साष्टी आणि वसई ही त्याची किंमत होती.

नेमक्या त्याच आठवड्यात, ८ मार्च ही तारीख घातलेले एक पत्र कलकत्त्यात लिहिले जात होते.

आता कलकत्त्याचा मामला. ब्रिटिश पार्लमेंटने १७७३ साली नियामक कायदा करून बंगालच्या गव्हर्नरास गव्हर्नर-जनरल केले व त्याच्या जोडीस चार सभासदांचे कौन्सिल दिले. गव्हर्नर-जनरलास वर्षास २५,००० पौंड वेतन, सभासदांस १०,०००. निर्णय बहुमताने व्हावयाचा. मते समसमान पडली तरच अध्यक्षाचे निर्णायक मत. म्हणजे नावाने सर्वश्रेष्ठ असा हा अधिकारी तीन सभासद विरुद्ध गेले की आपल्याच मेजावर निरुपाय होई. नवे सभासद क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस १९ ऑक्टोबर १७७४ रोजी चांदपाल घाटावर उतरले, तेव्हा त्यांच्या सलामीस एकवीस तोफांऐवजी सतराच तोफा झाल्या, आणि बेबनावाची पहिली ठिणगी तेथेच पडली असे सांगतात. सलामीच्या तोफा मोजणारे वरिष्ठ ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांस हे सांगावयास नको. चौथा सभासद बारवेल हेस्टिंग्जच्या बाजूचा होता. तेव्हा प्रत्येक ठरावावर तीन विरुद्ध दोन, असे चालू झाले.

११ मार्च १७७५ रोजी फ्रान्सिसने कौन्सिलपुढे महाराजा नंदकुमाराचे पत्र ठेवले. हा बीरभूमकडचा ब्राह्मण नवाबी अमदानीत मोठमोठ्या हुद्द्यांवर राहिलेला, कारस्थानी म्हणून ख्यात आणि हेस्टिंग्जचा जुना वैरी. मुर्शिदाबादच्या अल्पवयी नवाबाचे पालकत्व १७७२ साली मुन्नी बेगमेकडे सोपविण्यात आले, त्याच वेळी नंदकुमाराच्या मुलास, गुरुदासास, तेथील दिवाणगिरी मिळाली. या नेमणुकांच्या मोबदल्यात हेस्टिंग्जने ३,५४,१०५ रुपये घेतले, असा पत्रातील आरोप होता. यांपैकी दीड लाख रुपये मुर्शिदाबादच्या मुक्कामात पाहुणचारखर्च म्हणून घेतल्याचे हेस्टिंग्जच्या बाजूने पुढे नाकारले गेले नाही. दिवसास २,००० रुपये असा तो पाहुणचार होता. वाद होता तो उरलेल्या रकमेचा, आणि पाहुणचार या शब्दाच्या अर्थाचा.

१३ मार्चच्या बैठकीत मॉन्सनने सूचना मांडली की, नंदकुमारास बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे. हेस्टिंग्जने ती धुडकावून लावली. आपण ज्या सभेचे प्रमुख आहोत त्याच सभेत गुन्हेगार म्हणून बसणार नाही, सभासद हे आपले न्यायाधीश नव्हेत; त्यांस चौकशी करावयाचीच असेल तर त्यांनी वेगळी समिती होऊन ती करावी, असा त्याचा आशय होता. एवढे बोलून त्याने सभा बरखास्त केल्याचे जाहीर केले व तो बारवेलसह उठून गेला. उरलेल्या तिघांनी सभा बरखास्त झालीच नाही असे ठरविले, क्लेव्हरिंगला रिकाम्या खुर्चीवर बसविले, नंदकुमारास आत बोलावले, त्याचे कागद पाहिले आणि गव्हर्नर-जनरलाने ही रक्कम घेतली असून ती त्याने कंपनीच्या खजिन्यात भरावी, असा ठराव केला.

या प्रसंगात हेस्टिंग्जला सरसकट दोष देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तक्रार पुढे आणणारे तेच, साक्ष घेणारे तेच, निकाल देणारे तेच, आणि आरोपी दूर झाला तर त्याची जागा मिळणार तीही त्यांच्यातल्याच एकास, अशा चौकशीस चौकशी म्हणणे कठीण आहे. क्लेव्हरिंग ज्या खुर्चीवर त्या दिवशी बसला ती त्याला कायमची हवी होती. परंतु हेस्टिंग्जच्या आक्षेपाची दुसरी बाजूही तितकीच खरी. सभेचा अध्यक्ष आपल्यावरील आरोप निघताच सभा उठवू शकत असेल, तर त्याच्यावर आरोप कधीच निघावयाचा नाही. तो म्हणतो ती वेगळी समितीही त्याच मेजावरून नेमली जाणार होती. आपल्यापैकी ज्यांच्या हातून खातेनिहाय चौकशीचे कागद गेले आहेत, त्यांच्या नजरेस एक गोष्ट लगेच येईल. साध्या कारकुनावर पैसे घेतल्याचा आरोप आला तर त्यास प्रथम निलंबित करावयाचे, कारण तो खुर्चीवर राहिला तर कागद हलतील आणि साक्षीदार फिरतील; त्यास आरोपपत्र द्यावयाचे, आणि तक्रारदारास चौकशी अधिकारी नेमावयाचे नाही. एवढी साधी शिस्त गव्हर्नर-जनरलास लागू करावयाची कशी, याचे उत्तर १७७३ च्या कायद्यात नव्हते. आम्हांस एकदा एका वरिष्ठाविरुद्धच्या तक्रारीचे टिपण करण्याचा प्रसंग आला होता. ते टिपण पुढे ज्या टेबलावरून जावयाचे ते त्या वरिष्ठाचेच होते. त्या रात्री आम्हांस नंदकुमार आठवला, हे कबूल केले पाहिजे.

नंदकुमाराचे पुढे काय झाले ते सर्वविदित आहे. परंतु तारखा एका ओळीत मांडून पाहाव्यात. मार्चमध्ये त्याने आरोप केला. एप्रिलमध्ये हेस्टिंग्जने त्याच्यावर कटाची फिर्याद केली; तेव्हा कौन्सिलातील बहुमतवाल्यांनी नंदकुमाराच्या घरी जाऊन त्याची भेट घेतली आणि आपला पाठिंबा गावभर दाखविला. ६ मे रोजी मोहनप्रसाद नावाच्या माणसाच्या फिर्यादीवरून त्यास अटक झाली ती वेगळ्याच गुन्ह्यासाठी: बुलाकीदास सावकाराच्या व्यवहारातील एक जुना दस्तऐवज बनावट असल्याचा आरोप. ८ जूनला सर्वोच्च न्यायालयात खटला सुरू झाला आणि १६ जूनच्या पहाटे ज्यूरीने दोषी ठरविले. बनावट दस्तऐवजास देहान्त ही शिक्षा इंग्लंडच्या १७२९ च्या कायद्यातील. बंगाल्यांस तसा कायदा आहे हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. सरन्यायाधीश इलायजा इम्पे हा हेस्टिंग्जचा शाळासोबती. ५ ऑगस्ट १७७५ रोजी कुलीबाजाराजवळ महाराजास फाशी देण्यात आले. विद्यासागर सेतूच्या अलीकडचा तो भाग आज हेस्टिंग्ज या नावाने ओळखला जातो. हे नाव कोणत्या हेस्टिंग्जचे, यावर आमच्या बंगाली मित्रांची कडाक्याची भांडणे आम्ही ऐकली आहेत. आम्ही त्यांत पडत नाही.

हेस्टिंग्जने इम्पेकरवी हा न्यायालयीन खून केला, असे बर्क आणि मॅकॉले यांनी सांगितले. फिट्झजेम्स स्टीफनने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात दोन खंड लिहून ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. त्या वादाहून आमचे लक्ष वेधते ती एक लहान घटना. फाशीच्या आदल्या दिवशी नंदकुमाराचा एक अर्ज क्लेव्हरिंगच्या हाती आला. आपणांवर अन्याय होत आहे, मोठ्या माणसांविरुद्ध खरे बोलल्याचे हे फळ आहे, अशी त्यातील तक्रार होती. ज्यांनी त्याच्या पत्रावर गव्हर्नर-जनरलाविरुद्ध ठराव केला होता, त्यांच्यापैकी कोणीही शिक्षा तहकूब ठेवण्याची मागणी केली नाही. फाशीनंतर नऊ दिवसांनी तो अर्ज कौन्सिलपुढे आला, तेव्हा न्यायाधीशांची ही बदनामी आहे, सबब मूळ कागद फाशीवाल्याच्या हस्ते जाळून टाकावा, अशी सूचना निघाली. ती सूचना हेस्टिंग्जची नव्हती. फिलिप फ्रान्सिसची होती. कागद जाळला गेला. हेस्टिंग्जने मात्र त्याचे भाषांतर जपून इम्पेस दिले, आणि तेरा वर्षांनी इम्पेवर पार्लमेंटात महाभियोगाची सूचना आली तेव्हा त्याने ते काढून दाखविले. मे १७८८ मध्ये ती सूचना ७३ विरुद्ध ५५ मतांनी फेटाळली गेली.

पुण्याचा आणि कलकत्त्याचा धागा जुळतो तो या फाशीच्या दोन महिने आधी. मुंबईकरांनी सुरतेचा तह कलकत्त्यास न विचारता केला होता. हेस्टिंग्जला तह आवडला नव्हता. पण सुरू झालेले युद्ध अर्ध्यावर सोडण्यास तो राजी नव्हता. बहुमताने त्याचे चालू दिले नाही. ३१ मे १७७५ रोजी कलकत्त्याहून मुंबईस पत्र गेले, ते आपल्या इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात उल्लेखिलेले आहे: हे युद्ध अनुचित, धोक्याचे, अनधिकृत आणि अन्याय्य आहे, फौज मागे घ्या. कर्नल अप्टन पुण्यास आला आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. बारभाईंस श्वास घेण्यास जी सवड मिळाली तिचे श्रेय नानांच्या मुत्सद्देगिरीस आहेच. पण नंदकुमाराच्या पत्रावर ज्या तीन मतांनी ठराव झाला, त्याच तीन मतांचा वाटाही तीत आहे. आणि ती मते कोणाच्या प्राणावर टिकून होती, तेही लवकरच कळले. २५ सप्टेंबर १७७६ रोजी मॉन्सन वारला. कौन्सिलात दोन विरुद्ध दोन झाले, हेस्टिंग्जच्या हाती निर्णायक मत आले, आणि रघुनाथरावाचे प्यादे पुन्हा पटावर आले. वडगाव, गॉडर्डची कूच, १७८२ चा सालबाईचा तह ही पुढची सारी मालिका त्या एका मृत्यूनंतरची आहे.

खुर्चीचा वाद तेवढ्यावर मिटला नव्हता. लंडनमधील हेस्टिंग्जच्या मुखत्याराने त्याच्या वतीने राजीनामा दिल्याची वार्ता जून १७७७ मध्ये कलकत्त्यास आली. क्लेव्हरिंगने लगोलग किल्ल्याच्या आणि खजिन्याच्या किल्ल्या मागितल्या. शहरात दोन गव्हर्नर-जनरल आणि दोन कौन्सिले भरली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. निकाल हेस्टिंग्जच्या बाजूने लागला आणि ऑगस्टअखेर क्लेव्हरिंगही वारला. फ्रान्सिसशी उरलेला हिशेब १७ ऑगस्ट १७८० च्या पहाटे अलीपुरास पिस्तुलांनी झाला. फ्रान्सिस जखमी झाला, वाचला, आणि वर्ष संपण्याच्या सुमारास विलायतेस निघाला. जाताना त्याने कागदपत्रे नेली, ती पुढे बर्कच्या कामी आली.

अधिकारावर असता हेस्टिंग्जला हलविण्याचा शेवटचा प्रयत्न १७८२ सालचा. मे महिन्यात कॉमन्स सभेने त्यास परत बोलवावे असा ठराव केला. कंपनीच्या संचालकांनी तो मान्य केला. आणि भागधारकांनी तो मोडून काढला. लोकसभेचा ठराव भागधारकांच्या सभेत रद्द व्हावा, हे आज चमत्कारिक वाटेल. तो आपल्या मर्जीने १७८५ च्या फेब्रुवारीत येथून गेला आणि महाभियोग त्यानंतर उभा राहिला, म्हणजे खुर्ची सुटल्यावर. एप्रिल १७८६ मध्ये बर्कने सादर केलेल्या बावीस आरोपांची यादी मराठी वाचकाने एकदा नजरेखालून घालावी. विसावा आरोप मराठ्यांशी केलेल्या युद्धाचा व तहाचा. अठरावा, मोगल बादशहास मराठ्यांच्या हाती दिल्याचा. चौदावा, गोहदच्या राण्यास महादजी शिंद्यांच्या तोंडी दिल्याचा. एकाच माणसाने मराठ्यांशी अन्यायाने युद्ध केले आणि अन्यायाने त्यांचे भले केले, असे दोन्ही आरोप एका कागदावर! १३ फेब्रुवारी १७८८ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला सुरू झाला आणि २३ एप्रिल १७९५ रोजी, सात वर्षांनी, हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. मत देण्यास २९ सरदार उरले होते. प्रत्यक्ष सुनावणी झाली ती बनारस, अयोध्येच्या बेगमा, नजराणे आणि मक्ते एवढ्यांचीच. मराठ्यांचा आरोप पुकारला गेलाच नाही. अभियोग चालविणाऱ्यांत फ्रान्सिसला घेऊ नये, असे मात्र कॉमन्सने आधीच ठरविले होते. कलकत्त्यात जे कोणास सुचले नाही ते तेथे सुचले.

याच सुमारास समुद्रापलीकडे हेस्टिंग्जचे नाव एका निराळ्याच सभेत निघाले. सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियास अमेरिकेची घटना लिहिली जात होती. अध्यक्षास देशद्रोह आणि लाचलुचपत यांसाठी काढता येईल, एवढेच मसुद्यात होते. जॉर्ज मेसनने हरकत घेतली की हेस्टिंग्जचा अपराध देशद्रोहात बसत नाही, तेव्हा शब्द अपुरे आहेत. त्याने गैरकारभार हा शब्द सुचविला. तो फार सैल आहे असे मॅडिसन म्हणाला. मग मोठे गुन्हे आणि दुर्वर्तने हे इंग्लंडातील जुने शब्द घातले गेले, ते आजतागायत वादाचा विषय आहेत. अध्यक्षाचा न्याय चालू असता सिनेटच्या अग्रस्थानी उपाध्यक्षाने बसू नये, कारण खुर्ची त्यालाच मिळावयाची आहे. तेथे सरन्यायाधीश बसावा, असेही तेथे ठरले. क्लेव्हरिंगची गोष्ट त्यांस ठाऊक होती की नाही, नकळे. रोग मात्र त्यांनी नेमका ओळखला. २०२१ साली ट्रम्प यांच्यावरील दुसरा महाभियोग त्यांनी पद सोडल्यावर चालला, तेव्हा गेलेल्या अधिकाऱ्यावर तो चालतो काय, या प्रश्नावर अभियोग चालविणाऱ्यांनी आपल्या कैफियतीत हेस्टिंग्जचाच दाखला दिला. अध्यक्ष पदावर नसल्यामुळे त्या वेळी सरन्यायाधीश आले नाहीत. दोषी ठरविण्यास ६७ मते हवी होती, पडली ५७.

आपल्या राज्यघटनेच्या ६१ व्या कलमाने आणखी एक वाट काढली. एका सभागृहाने आरोप ठेवावयाचा, चौदा दिवसांची सूचना आणि एकचतुर्थांश सभासदांच्या सह्या घेऊन. चौकशी दुसऱ्याने करावयाची किंवा करवावयाची. दोन्ही ठिकाणी एकूण सभासदसंख्येच्या दोनतृतीयांशांचे बहुमत. आणि राष्ट्रपतीस हजर राहण्याचा व आपल्या वतीने बाजू मांडविण्याचा हक्क. आरोप करणारा आणि चौकशी करणारा निराळे झाले. चौकशी चालू असता राष्ट्रपतीने खुर्ची सोडावी, असे मात्र घटनेत कोठे म्हटलेले नाही. आणि साक्षीदाराच्या रक्षणासाठीही त्या कलमात शब्द नाही. कोणाही राष्ट्रपतीवर ते कलम आजवर चालविले गेलेले नाही. त्याच्या भावंडाचा प्रयोग मात्र याच शहराने पाहिला. नंदकुमारास शिक्षा देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाचा वारसा १८६२ पासून ज्या उच्च न्यायालयाकडे आहे, त्याच्या एका न्यायमूर्तींविरुद्ध ऑगस्ट २०११ मध्ये राज्यसभेने पदच्युतीचा ठराव संमत केला. लोकसभेत तो येण्यापूर्वी त्यांनी राजीनामा दिला.

नंदकुमाराचे नाव वेस्टमिन्स्टरमध्येही निघालेच. हेस्टिंग्जने इम्पेच्या हातून त्याचा खून करविला, असे बर्क भर न्यायसभेत बोलून गेला. हे आरोपांच्या यादीत नव्हते, म्हणून मे १७८९ मध्ये कॉमन्सने बर्कचीच निर्भर्त्सना करणारा ठराव केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रामशास्त्री वारले. बारभाईंच्या विनंतीवरून ते पुण्यास परत आले होते आणि पुन्हा न्यायासनावर बसले होते.